अहिराणीचा पेपर आणि तीन पायऱ्या

नमस्कार श्रोतेहो.

जून महिना आला की कॉलेजच्या खिडकीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ओपन इलेक्टिव्हचा, म्हणजे मुख्य विषयाखेरीज निवडून घ्यायच्या पेपरचा. "साहेब, मी बी.ए. मराठीला आहे, मग हा ओपन इलेक्टिव्ह मला का घेता येत नाही?" आतून उत्तर येतं, "युनिव्हर्सिटीचा नियम आहे." नियम कोणी केला, कधी केला, कुठे बसून केला, हे खिडकीच्या आतल्याला माहीत नसतं आणि बाहेरच्यालाही नसतं. आज त्या नियमाचा माग काढू, आणि त्या निमित्ताने विद्यापीठात अभ्यासक्रम जिथे मंजूर होतो त्या विद्या परिषदेपर्यंत जाऊ.

जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तीन जिल्ह्यांचं विद्यापीठ १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळं झालं, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (उमवि) या नावाने. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. अक्षरओळख नसलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला मिळालं, आणि आपण मात्र एस.टी.त बसल्यावर अजूनही "एक उमवि द्या" म्हणूनच तिकीट मागतो! असो. हे नाव विद्या परिषदेने दिलेलं नाही. नाव कायद्यात बदलावं लागतं आणि ते काम विधिमंडळाचं. विद्या परिषदेचं काम वेगळं.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कामांची वाटणी आहे. बजेट अधिसभेपुढे जातं. पैसा, इमारती, नेमणुका हा व्यवस्थापन परिषदेचा प्रांत. आणि काय शिकवायचं, किती तास शिकवायचं, परीक्षा कशी घ्यायची, हे ठरवते विद्या परिषद. कुलगुरू तिचे अध्यक्ष, कुलसचिव सचिव. अधिष्ठाते, म्हणजे विद्याशाखांचे प्रमुख, असतात, काही प्राचार्य, निवडून आलेले प्राध्यापक, कुलपतींनी नेमलेले तज्ज्ञ. पण तिच्याकडे पोचायला तीन पायऱ्या आहेत. पहिली अभ्यासमंडळ, म्हणजे एकेका विषयाच्या प्राध्यापकांचं मंडळ; दुसरी विद्याशाखा, म्हणजे अनेक विषयांची मिळून होणारी शाखा; तिसरी विद्या परिषद. पुन्हा सांगतो, लिहून घ्यायला सोपं जाईल: अभ्यासमंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद. मंजुरी तिसऱ्या पायरीवर मिळते. विषयाला आकार येतो तो पहिल्या पायरीवर.

आता गोष्ट. गोष्ट रचलेली आहे, त्यामुळे कॉलेजचं नाव शोधत बसू नका. वाटेतला एकेक खड्डा मात्र खरा आहे.

तापीकाठच्या एका कॉलेजातल्या मराठीच्या मॅडमना वाटलं, मुलं घरी अहिराणी बोलतात, वर्गात आली की गप्प होतात. तर अहिराणीचाच एक पेपर का असू नये? दोन क्रेडिटचा, ओपन इलेक्टिव्ह. त्यांनी चार घटक लिहिले. बोलीची ओळख, कानबाई या खान्देशातल्या देवीची गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, म्हणी आणि उखाणे. प्रत्येक घटकापुढे तास लिहिले आणि कागद अभ्यासमंडळाकडे पाठवला.

पहिला खड्डा बेरजेचा. तासांची बेरीज आली ४२. एक क्रेडिट म्हणजे १५ तास व्याख्यान, दोन क्रेडिटचे ३०. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला दोन तासिका. १२ तास कापायचे कुठून? हौसेनं लिहिलेला अभ्यासक्रम नेहमी इथे अडतो, कारण माणूस घटक आधी लिहितो आणि तास मागून. आधी ३० लिहा, मग त्याचे वाटे करा.

दुसरा खड्डा नावाचा. मंडळात रावेर-यावलकडचे एक सर होते. ते म्हणाले, आमच्याकडे लेवा गणबोली चालते, ती अहिराणीत कशी मोजता? शहाद्याकडचे सर म्हणाले, मग आमच्या भिल्ली, पावरी बोलींनी काय घोडं मारलंय? वाद रंगला, चहा दोनदा झाला. कोणी तरी भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सनला बाहेर काढलं. त्याच्या भाषिक सर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खानदेशी (अहिराणी हिच्यातच येते) ही भिल्ली बोलींच्या शेजारी बसवली आहे, आणि २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून नोंदलेली आहे. शेवटी पेपरचं नाव बदललं: 'खान्देशातील बोली व मौखिक परंपरा'. तासभराचा वाद म्हणून हसू नका. नावातला एक शब्द कोणती पुस्तकं लागतील, कोणाला शिकवता येईल आणि प्रश्नपत्रिका कोण काढेल, हे सगळं ठरवतो.

तिसरा खड्डा सर्वात मोठा, आणि खिडकीवरच्या त्या मुलाचं उत्तर इथेच आहे. राज्याच्या नव्या क्रेडिट आराखड्याप्रमाणे ओपन इलेक्टिव्ह हा मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. बाहेरचाच, बरं का. म्हणजे मराठी विभागाने काढलेला हा पेपर बी.एस्सी.चा मुलगा घेऊ शकतो, बी.कॉम.ची मुलगी घेऊ शकते, आणि ज्याच्यासाठी मॅडमनी रात्री जागून कागद लिहिला तो बी.ए. मराठीचा विद्यार्थी घेऊ शकत नाही! मॅडमचा चेहरा पडला. पण हा नियम अभ्यासमंडळाला मोडता येत नाही, विद्या परिषदेलाही नाही. तो वरून आलेला आहे. त्यात जागा शोधता येते, एवढंच.

जागा शोधली विद्याशाखेच्या बैठकीत अधिष्ठात्यांनी. एका पेपरचे दोन करा म्हणाले. बाहेरच्या शाखांसाठी ३० तासांचा ओपन इलेक्टिव्ह ठेवा, आणि मराठी मुख्य विषय असलेल्यांसाठी त्याच मातीतला एक व्हीएससी काढा, म्हणजे मुख्य विषयाशी जोडलेलं व्यावसायिक कौशल्य. गाणी रेकॉर्ड करायची, ऐकून लिहून काढायची, शब्दांची नोंद करायची. (या व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसीला मराठी नावं द्यायला कोणाचे हात बांधले आहेत? पालकांच्या सभेत प्राचार्यच अडखळतात.) प्रात्यक्षिकाला एका क्रेडिटचे ३० तास धरतात, म्हणून दोन क्रेडिटचे ६०. आठवड्याला चार तास.

इथे त्याच रावेरकडच्या सरांनी बरोबर नस पकडली. आखाजीची गाणी रेकॉर्ड करायला पोरं जाणार कधी? आखाजी येते एप्रिलअखेर नाहीतर मे महिन्यात. तेव्हा परीक्षा चालू असते किंवा सुट्टी लागलेली असते. कानबाई बसते श्रावणात, म्हणजे पहिल्या सत्राच्या मध्यावर. मग प्रात्यक्षिक विषम सत्रात ठेवायचं, प्रत्यक्ष रेकॉर्डिंग कानबाईचं आणि आखाजीची गाणी घरच्या आजीकडून बसून ऐकायची, असं ठरलं. अशी दुरुस्ती कोणत्याही नमुना अभ्यासक्रमात सापडायची नाही. त्यासाठी मंडळात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचा वास ओळखणारा माणूस लागतो.

गुणांचं तसं लवकर मिटलं. ओपन इलेक्टिव्हचे ५० पैकी २० अंतर्गत आणि ३० सत्रान्त परीक्षेचे. एकच शंका निघाली: बोली लिहिण्याची एक ठरलेली रीत नाही, तर उत्तरपत्रिकेत शुद्धलेखनाच्या चुका कशा धरायच्या? उत्तर मराठीत लिहायचं, बोलीतली उदाहरणं जशी बोलतात तशी लिहायची आणि त्यावर गुण कापायचे नाहीत, अशी ओळ नमुना उत्तरपत्रिकेत घालायचं ठरलं.

शिकवणार कोण, हा प्रश्न मात्र कोणी जोरात विचारला नाही. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचं अध्यापन असतं. नवा पेपर आला म्हणून नवी जागा येत नाही. मग तासिका तत्त्वावरच्या पोरांवर भार पडतो. सत्र संपलं की त्यांचं काम संपतं आणि पुढच्या वर्षी तोच पेपर दुसऱ्याच्या हातात जातो. यावर बोलायला लागलो तर वेळ संपेल, तेव्हा थांबतो.

आता तिसरी पायरी, विद्या परिषद. विषयपत्रिका जाडजूड असते. पानोपानी अभ्यासक्रम, समकक्षता, जुन्या विद्यार्थ्यांच्या राहिलेल्या परीक्षा. मॅडमचा विषय पुकारला. रसायनशास्त्राच्या एका सदस्यांनी अंतर्गत गुण कसे देणार, एवढं विचारलं. कोणी दोन किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या. इतिवृत्तात ओळ आली: 'सुचविलेल्या दुरुस्त्यांसह मान्य.' पुढचा विषय!

श्रोतेहो, त्या ओळीकडे नीट बघा. कोणत्या दुरुस्त्या? इतिवृत्तात लिहिल्या नाहीत. मॅडम बैठकीला नव्हत्या. कार्यालयाने संकेतस्थळावर जी फाइल चढवली ती होती पहिलीच, ४२ तासांची, जुन्या नावाची. एका कॉलेजने ती शिकवली. दुसऱ्याने मंडळाच्या अध्यक्षांकडून सुधारलेली प्रत आणून ती शिकवली. प्रश्नपत्रिका सुधारलेल्या प्रतीवरून निघाली. ऑक्टोबरात निम्म्या वर्गाला दोन प्रश्न अनोळखी निघाले आणि कुलसचिवांच्या दारात निवेदनांची रांग लागली.

याहून वाईट होतं ते बैठक लांबते तेव्हा. कायद्याच्या कलम १२ च्या पोटकलम ७ मध्ये तातडी असेल तर कुलगुरूंना स्वतः निर्णय घेऊन नंतर संबंधित मंडळाला कळवता येतं. विद्यापीठात याला नुसतं "बारा-सात" म्हणतात. पूर आला, साथ आली, तर ही तरतूद हवीच. पण कागद उशिरा लिहिला म्हणून बारा-सात वापरायचं, ही सवय वाईट. मंजुरी आधी मिळालेली असल्यामुळे पुढच्या बैठकीत विषय येतो तो 'अवलोकनार्थ', आणि अवलोकनार्थ आलेला कागद कोणी उघडत नाही. ऐनवेळचे विषय असतात तेही त्याच जातीचे. माझं चाललं तर ऐनवेळी फक्त शोकप्रस्ताव घ्यावेत.

म्हणून कॅलेंडर उलटं मोजा. जूनमध्ये शिकवायचं असेल तर मार्चपर्यंत विद्या परिषद, फेब्रुवारीत विद्याशाखा, डिसेंबर-जानेवारीत अभ्यासमंडळ. म्हणजे मसुदा दिवाळीच्या आत लिहून व्हायला हवा. भरताची वांगी बाजारात भरली आणि तुमचा कागद अजून कोरा असेल, तर हे वर्ष गेलं समजा.

आणि पालकांनो, विद्यार्थ्यांनो, अभ्यासक्रमाची फाइल उतरवून घेताना पहिलं पान बघू नका, विद्या परिषदेचा ठराव क्रमांक आणि दिनांक शोधा. तो नसेल तर तो मसुदा आहे. असेल, तर त्याच तारखेचं इतिवृत्त उघडा आणि 'दुरुस्त्यांसह' हा शब्द आहे का ते पाहा. असला तर फाइल घेऊन विभागप्रमुखांकडे जा आणि विचारा, दुरुस्त्या यात आल्या आहेत का. विचारायचं जुलैत, ऑक्टोबरात नव्हे.

नमस्कार.