चोकोबार की कुल्फी : साठ मिलीचा हिशोब

नमस्कार मंडळी. बोर्डावर विषय लिहिलाय 'चोकोबार की कुल्फी'. तिकडे मी येणारच आहे, पण आधी एक जुनी तक्रार बोलून टाकते, घरी आता ती कोणी ऐकून घेत नाही. तुमच्यातले बरेच जण तलावपाळीला फेरी मारून इथे आलात, आणि फेरीच्या शेवटी काय खाऊन आलात तेही मला माहितीये. नावं घेत नाही.

तर तक्रार. चोकोबारच्या रॅपरवर पुढे मोठ्या अक्षरात ६० मिली. मागे पोषणाचा तक्ता, तो बहुतेक वेळा १०० ग्रामचा. आता मला सांगा, माझ्या हातातली वस्तू किती ग्रामची आहे हे मला कसं कळणार? एका सर्व्हिंगची टक्केवारी असते म्हणा, मुंगीएवढ्या अक्षरात, ती वाचायला मला चष्म्यावर चष्मा लागतो. मिली आणि ग्राम सारखे धरायला ते काय पाणी आहे? आइस्क्रीममध्ये हवा फेटलेली असते. नियम असा की आइस्क्रीम लिटरला कमीत कमी ५२५ ग्राम भरलं पाहिजे. म्हणजे लिटरचा डबा विकत घेऊन त्यात अर्ध्या किलोच्या जरा वर माल निघाला तरी सगळं कायदेशीर. मी डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी केली, हवेशिवाय आइस्क्रीम होत नाही हे मी पण जाणते, बर्फाची लादी कोण खाणार. पण विकताना मिली आणि मोजताना ग्राम, हे काय?

मग मी काय केलं, मुलगी घोडबंदर रोडला राहते, तिच्याकडे केक करायचा डिजिटल काटा आहे. एक चोकोबार काट्यावर ठेवला. जावई म्हणाले आई, वितळेल. म्हटलं वितळू दे, वजन थोडंच कमी होणारे! काडी वजा जाता साधारण ३८ ग्राम भरलं. साठ मिलीचा चोकोबार, ३८ ग्राम. पण खरी गंमत पुढे आहे, ती नातीमुळे झाली. ती चोकोबार खाते ते आधी वरचं कवच दातांनी सोलून, आतलं आइस्क्रीम शेवटी, म्हणजे आपण लहानपणी क्रीमचं बिस्कीट उघडून खायचो ना तसं. तिला म्हटलं, बाळा आज खायचं नाही, फक्त सोलायचं, सुरीने. ती इतकी रागावली की शेवटी दुसरा आणायचं कबूल करावं लागलं. सोललेले तुकडे वेगळ्या वाटीत घातले, थोडं सोफ्यावर सांडलं, डाग अजून आहे, तो विषय नको. कवच भरलं १२ ग्रामच्या आसपास. जेमतेम मिलिमीटरभर जाड ते, पण वजनात जवळजवळ एक तृतीयांश!

आता हे कवच म्हणजे काय? त्याला चॉकलेट म्हणायचं ते लाडाने. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं, ते थंडीत कडक आणि ठिसूळ होतं, चावलं की तुकडे अंगावर. म्हणून यात बहुतेक वेळा खोबरेल किंवा पामचं तेल असतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. डिसेंबरात बाथरूममधली खोबरेलची बाटली गोठते ना, तेच तंत्र. फ्रीजरमध्ये कडक, तोंडात पाणी. कल्पना छानच आहे, मी नावं ठेवत नाही. मूळ कल्पना अमेरिकेतली, आयोवातल्या ओनावा गावात ख्रिश्चन नेल्सन म्हणून शिक्षक होता, मिठाईचं दुकानही चालवायचा. १९२० साली एक पोरगा दुकानात आला, पैसे एकाच वस्तूचे, आइस्क्रीम घेऊ की चॉकलेट घेऊ ठरेना. नेल्सन मग खटपटीला लागला की दोन्ही एकत्र कसं चिकटवायचं, आणि १९२२ ला पेटंट घेतलं. पोराला शेवटी काय मिळालं कोणास ठाऊक.

अगं हो, चिठ्ठी आली. सातला हॉल भजनी मंडळाला द्यायचाय म्हणे. बरं, पटपट सांगते.

या कवचात निम्मी तरी चरबी असते. १२ ग्राममध्ये ६ ग्राम चरबी धरा, ग्रामला ९ कॅलरी, झाल्या ५४. उरलेली साखर, कोको वगैरे ग्रामला ४ ने २४. एकूण ७८. आतलं आइस्क्रीम २६ ग्राम, त्यात १० टक्के दुधाची चरबी, साखर, थोडं प्रोटीन, सगळं मिळून ५० च्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त कॅलरी त्या पातळ कवचात! आणि आइस्क्रीममध्ये १० टक्के दुधाची चरबी हवी हा नियम फक्त आतल्या भागाला लागतो, कवचाला नाही. रॅपरवर 'फ्रोझन डेझर्ट' असेल तर आत पण वनस्पती तेल, तेवढं वाचत जा.

सगळे साखरेला शिव्या घालतात. पण लेबलच्या हिशोबात दिवसाला ५० ग्राम वरून घातलेली साखर धरतात, या एका बारमध्ये आठ-नऊ. आणि सॅच्युरेटेड फॅट दिवसाला २२ ग्राम धरतात, तर बारमध्ये सहा-सात, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, कारण खोबरेल बहुतेक सगळं सॅच्युरेटेडच. शुगरवाल्यांनो, हे ऐकून टाळ्या वाजवू नका, आठ-नऊ ग्राम पण साखरच असते, आणि आतल्या दुधाची वेगळी.

रॅपरवर घटकांच्या यादीत ४१२ नंबर असतो, तो बघून घाबरणारे आहेत इथे, मला फोन येतात. तो गवारीच्या बियांचा डिंक आहे हो, भाजी खाता ना?

आता कुल्फी. कुल्फीत हवा नसते, दूध आटवलेलं. म्हणून ६० मिलीची कुल्फी ६० ग्रामच्या वरच भरते. लोकांना वाटतं कुल्फी हलकी, घरगुती, चोकोबार वाईट. कॅलरी दोन्हीकडे सारख्याच, सव्वाशेच्या आसपास, मलईची असेल तर कुल्फी पुढेच. फक्त कुल्फीत प्रोटीन दुपटीहून जास्त, तीन-साडेतीन ग्राम, आणि कॅल्शियम पण जास्त, आटवलेल्या दुधामुळे. तेव्हा माझं मत कुल्फीला, एका मताने, आणि ते पण लहान काडीच्या. हो हो, उठते, पेटी आत येऊ दे त्यांची. काटा मागे टेबलावर ठेवलाय, ज्यांना घरी न्यायचाय त्यांनी नाव लिहून न्या, मागच्या वेळचा वजनकाटा अजून परत आलेला नाही.