गल्लीने राखलेली ट्राम

पत्रिकेवर आजचा विषय ‘जुनी वाहनं आणि शहराचं नियोजन’ असा छापलाय. नियोजनाकडे येतेच. पण आधी तुम्हाला लिस्बनच्या अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये बसवते, कारण मला जे सांगायचंय ते मला तिथेच उमगलं, ट्राम गल्लीत अडकून पडली होती तेव्हा.

मार्तिम मोनीझच्या चौकातून ती निघते. पिवळी, एकाच डब्याची, बसायला जेमतेम वीस जागा. अंग १९३०च्या दशकातलं. मोटरी आणि ब्रेक १९९०च्या दशकात बदललेले. ट्राम चालवणाऱ्याला तिथे म्हणतात ‘ग्वार्दा-फ्रेयू’, म्हणजे ब्रेक राखणारा. किती नेमका शब्द आहे बघा! गाडी चालवणं दुय्यम, आवरणं मुख्य. ग्रासाच्या टेकडीवरून ट्राम उतरायला लागली की हा शब्द पोटात कळतो.

टेकडीखाली आल्फामा, लिस्बनची जुनी वस्ती. १ नोव्हेंबर १७५५ला लिस्बनमध्ये भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत शिरला, वर आग. खालचं शहर गेलं. आल्फामा खडकावर वसलेली, ती बरीचशी वाचली, आणि तिच्याबरोबर तिच्या जुन्या वाकड्यातिकड्या गल्ल्याही वाचल्या. ट्राम त्या गल्ल्यांतून जाते तेव्हा दोन्हीकडची घरं अगदी खिडकीला येतात. वाळत घातलेले कपडे, जिन्यावर बसलेली मांजर, कुणाच्या तरी स्वयंपाकाचा वास, सगळं हाताच्या अंतरावर. काही ठिकाणी दोन ट्राम शेजारून जाण्याइतकी जागाच नाही. एकीने थांबायचं, दुसरीने यायचं.

तर अशा एका वळणावर कुणीतरी मोटार लावून ठेवली होती. फार नाही, वीतभर रुळाकडे आलेली. पण ट्रामला वीतभरही बाजूला होता येत नाही. घंटा वाजली. पुन्हा वाजली. ब्रेक राखणारे गृहस्थ खाली उतरले, मोटारीचा आरसा आत दुमडला, डोळ्याने अंतर मापलं आणि मान हलवली. मागे दुसरी ट्राम येऊन थांबली, मग तिसरी. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने वर तोंड करून हाक मारली. वरच्या खिडकीतून एका बाईने पलीकडच्या घराला हाक दिली, तिथून आणखी कुणी. हाक घरोघर फिरत गल्लीच्या टोकाला गेली, आणि बऱ्याच वेळाने एक माणूस अर्धी दाढी केलेल्या चेहऱ्याने, गालावर साबण तसाच, किल्ली घेऊन धावत आला. ट्राममधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण मला टाळ्यांपेक्षा ती हाक लक्षात राहिली. त्या गल्लीत कोणती मोटार कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वेळात आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझ्याशेजारी एक आजी उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी. रोजच्या प्रवासी. सगळ्या जागा आम्हा पाहुण्यांनी भरलेल्या, प्रत्येकाचा फोन खिडकीबाहेर. मी उठले, त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि हुश्श केलं. पुढच्या थांब्यावर त्यांच्यासारखे आणखी चौघे उभे होते. ट्राम भरलेली, ते चढू शकले नाहीत. ही चढाची वस्ती आहे, मंडळी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती ट्राम म्हणजे जिना आहे. जिना पाहुण्यांनी अडवला तर घरच्यांनी जायचं कुठून? याचं मला आजही वाईट वाटतं.

समोरून चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग नियोजन थोडक्यात.

लिस्बनने ही ट्राम केवळ आठवण म्हणून जपलेली नाही. ती गल्लीने राखली. या मार्गावर काही ठिकाणी शंभर मीटरला तेरा मीटरांहून जास्त चढ आहे, आणि तो दातेरी रुळाशिवाय, पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्या नुसत्या पकडीवर चढायचा. म्हणून गाडी आखूड हवी, तिच्या चारही चाकांना मोटरीचा जोर हवा, म्हणजे सगळं वजन पकडीच्या कामी येतं. दोन रुळांमधलं अंतर ९०० मिलिमीटर, वळणं घट्ट. १९९५मध्ये लांबलचक जोडडब्यांच्या नव्या ट्राम आल्या, त्या धावल्या नदीकाठच्या सपाट पंधरा नंबरच्या मार्गावर. आल्फामात त्या मावणाऱ्याच नव्हत्या. तिथे जुनी गाडीच योग्य गाडी आहे.

आता मुंबई. १८७४ला घोड्यांची ट्राम, १९०७ला विजेची, ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदर ते दादर शेवटची फेरी. सरळ, सपाट रस्ता. ट्रामचं काम बसने सहज उचललं. ‘दादर टीटी’ या नावातलं ट्राम टर्मिनस तेवढं मागे राहिलं. म्हणून माझं म्हणणं असं की जुनं वाहन राखायचं असेल तर ते ज्या रस्त्याला लागतं तो रस्ता आधी राखा, आणि त्यात त्या वस्तीतल्या माणसाची जागा पहिली धरा. लिस्बनमध्ये यातलं पहिलं साधलंय, दुसरं अजून व्हायचंय. चढाची बाकीची आकडेवारी आणली होती, ती राहू दे.

एकच विनंती. १९६४च्या आधी मुंबईच्या ट्राममध्ये बसलेलं कुणी या सभागृहात असेल, तर चहाच्या वेळी मला जरूर भेटा. त्या घंटेचा आवाज कसा होता, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.