मद्याचा महसूल आणि व्यसनमुक्तीची खाट

मित्रहो, निवासी व्यसनमुक्ती केंद्रांना सरकारने पैसा द्यावा असे म्हटले की एक प्रश्न हमखास येतो: जो स्वतःच्या पायांनी दारूच्या दुकानात गेला, त्याच्या उपचारांचा भार करदात्याने का सोसावा? या प्रश्नात पिणारा वेगळा आणि करदाता वेगळा असे धरून चाललेले असते. पण दुकानातल्या प्रत्येक बाटलीच्या किमतीत शासनाचा मोठा हिस्सा असतो, आणि जो अधिक पितो तो अधिक भरतो. म्हणजे व्यसनाच्या आहारी गेलेल्या माणसाने आपल्या उपचारांचे पैसे तिजोरीत आधीच, आणि तेही वर्षानुवर्षे, जमा केलेले असतात. (हातभट्टी पिणारा या हिशेबात बसत नाही, हे मान्य, पण त्याच्या बायकोला मंगळसूत्र गहाण ठेवून केंद्राची फी भरायला लावावी, असा त्याचा अर्थ होत नाही.)

हा पैसा किती आहे, याचा अंदाज एका निर्णयावरून येईल. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्कात वाढ केली, तेव्हा या व अशा उपायांतून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असे सांगण्यात आले. ही केवळ वाढ आहे, एकूण महसूल नव्हे. पिण्याच्या मद्यावरील उत्पादन शुल्क राज्यघटनेच्या राज्यसूचीत येते आणि असे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे, त्यामुळे या उत्पन्नावर राज्याचा पूर्ण ताबा असतो. व्यसनमुक्ती केंद्रे चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना मिळणारे अनुदान मात्र प्रामुख्याने केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकडून, १९८५-८६ पासून चालत आलेल्या आणि २०१८ नंतर राष्ट्रीय कृती आराखड्यात समाविष्ट झालेल्या योजनेतून येते. एका हाताने घ्यायचे आणि देण्याची वेळ आली की दिल्लीकडे बोट दाखवायचे, ही व्यवस्था आपण इतकी वर्षे निमूटपणे चालू दिली आहे.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. दिल्लीच्या एम्सने केलेले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले राष्ट्रीय सर्वेक्षण सांगते की मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळतात ते दर १८० जणांमागे एकाला. प्रत्येकाला दाखल करण्याची गरज नसते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अनेकांना बाह्यरुग्ण विभाग, औषधे आणि समुपदेशन पुरते. पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर काही तासांत हातपाय थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतर भास व भ्रम होऊन प्राणावरही बेतू शकते. अशा माणसाला घरी ठेवून चालत नाही. ज्याच्या घरातच बाटली आहे, किंवा ज्याला घरच उरलेले नाही, त्याचेही तसेच.

सरकारने थोडा आधार दिला तर काय उभे राहते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झाले, ते गर्दने तरुण पोरे पोखरली जात असताना. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचे श्रम आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांची मदत सर्वांना ठाऊक आहे. केंद्राची सुरुवात येरवड्याच्या शासकीय मनोरुग्णालयाच्या आवारातल्या जागेत झाली, हे तितकेसे बोलले जात नाही. देणगीदारांचे मोल मी कमी लेखत नाही, परंतु प्रत्येक जिल्ह्याला पु. ल. मिळत नाहीत. केरळने २०१६ पासून विमुक्ती मोहिमेत उत्पादन शुल्क खात्यालाच या कामात उतरवले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत व्यसनमुक्ती केंद्रे सुरू केली. जे खाते मद्याचा महसूल गोळा करते, त्याच खात्याने उपचारांची जबाबदारी घ्यावी, हा सरळ विचार आहे.

आपल्याकडे मागणी करायची ती केवळ खाटा वाढवण्याची नको. आजचे अनुदान खाटांच्या संख्येवर, म्हणजे पंधरा, तीस किंवा पन्नास खाटांच्या साच्यावर बेतलेले असते. प्रस्ताव, तपासणी, हप्ता या रांगेत पैसा अडकला की पहिला फटका पगारांना बसतो. समुपदेशक दुसरी नोकरी पाहतो, आणि ज्याच्यावर विश्वास टाकून रुग्ण बोलू लागला होता तोच निघून जातो. म्हणून अनुदान किमान तीन वर्षांसाठी एकत्र मंजूर व्हावे आणि पगारांचा भाग हप्त्यांच्या फेऱ्यातून बाहेर काढावा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये मद्य आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक विकारांचाही समावेश आहे, त्यामुळे त्या कायद्याखालील नोंदणी ही अनुदानाची पहिली अट असावी. साखळदंड आणि मारहाण यांवर चालणाऱ्या तथाकथित केंद्रांना त्यातून आपोआप चाप बसेल. आणि किती जण दाखल झाले याऐवजी, घरी गेलेल्यांपैकी किती जण वर्षभर संपर्कात राहिले, हे संस्थेला विचारावे. त्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा एसटीचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र रकान्यात दाखवावा लागेल, कारण पुन्हा पिऊ लागलेला माणूस केंद्राकडे क्वचितच स्वतःहून येतो. त्याच्या दारात कोणीतरी जावे लागते.