कशाचं आहे ते? : हिरडीला लावायच्या ठिगळाची गोष्ट

(दृश्य : मे महिना. भुसावळ स्थानक. नळाशी बाटल्या भरणारी गर्दी.)

भुसावळचा मे महिना. पारा ४५ च्या आसपास. गाडी थांबली, की निम्मा डबा थंड पाण्यासाठी खाली उतरतो. या गर्दीत एखादा असाही असतो, जो बाटली थेट तोंडाला लावत नाही. मान कलती करतो, घोट एका गालातून हळूच आत नेतो. चुकून पाणी दुसऱ्या बाजूला गेलंच, तर कळ थेट कानशिलापर्यंत.

दात किडलेला नाही. हिरडी खाली सरकली आहे.

(दृश्य : आरशात दिसणारे खालचे पुढचे दात, लांबट, मुळाशी पिवळसर.)

धुळ्या-जळगावकडची म्हातारी माणसं म्हणतात, “दात लांब व्हई ग्यात.” दात लांब होत नाहीत, त्यांचं मूळ उघडं पडतं. वरच्या भागावर इनॅमलचं कवच असतं, मुळावर ते नसतं. तिथे सिमेंटमचा पातळ थर असतो. तो घासून गेला, की खालच्या डेंटिन नावाच्या थरातल्या सूक्ष्म नळ्या मोकळ्या होतात आणि गार-गरम आतल्या नसेपर्यंत पोचतं. गेलेली हिरडी औषधानं, मलमानं किंवा तेलाच्या गुळण्यांनी परत येत नाही. तसं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, म्हणून हे आधीच सांगितलं. उघडं मूळ झाकायचं, तर शस्त्रक्रिया करून त्यावर ठिगळ लावतात. ही गोष्ट त्या ठिगळाची.

(दृश्य : चूल, तवा, काळी होत चाललेली तंबाखू. हात दिसतात, चेहरा नाही.)

कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-दुपार बोटानं दातांवर घासायची. ही मशेरी. घरातल्या कितीतरी बायांना ती लहानपणीच लागते, तीही दात साफ करण्याच्या नावाखाली. पुरुषांच्या खालच्या ओठात तंबाखू-चुन्याची गोळी बसते. जिथे गोळी, तिथली हिरडी आधी उतरते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर काय मिळतं, ते टपरीवर उभं राहून पाहावं. उरलेल्यांचं कारण कडक ब्रश, साचलेलं किटण, हिरडीचा आजार, किंवा जन्मजात पातळ हिरडी.

गोळी ठेवायच्या जागी पांढरा, सुरकुतलेला चट्टा असेल, तर ठिगळाचा विषय बाजूला ठेवायचा. आधी त्या चट्ट्याची तपासणी.

(दृश्य : मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, दातापाशी टेकवलेली.)

हिरड्यांचे डॉक्टर, म्हणजे बी.डी.एस.नंतर तीन वर्षं याच विषयाची एम.डी.एस. केलेले. धुळ्याच्या दंत महाविद्यालयात अशा डॉक्टरांसमोर साक्री, शिरपूर, शहाद्याकडून आलेली माणसं बसलेली असतात. पहिलं काम मोजणीचं. मूळ किती मिलिमीटर उघडं आहे, आणि दोन दातांच्या मधलं हाड शाबूत आहे का. १९८५ मध्ये मिलर यांनी याचे चार वर्ग पाडले. मधलं हाड शाबूत असेल, तर मूळ पूर्ण झाकण्याची आशा धरता येते. ते थोडं झिजलं असेल, तर अर्धवट. फारच खचलं असेल, तर झाकण्याची हमी कुणी देऊ नये. नवी वर्गवारीही आली आहे, पण मधल्या हाडाचा हिशेब तिच्यातही चुकत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. उघडं मूळ झाकायचं कशानं?

(दृश्य : उघडं तोंड, टाळूचा दाढांलगतचा भाग.)

सर्वांत जुनं आणि आजही सर्वांत भरवशाचं साहित्य तुमच्या तोंडातच आहे. टाळू. वरच्या दाढांच्या आतल्या बाजूनं, भूल देऊन, साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा काढतात. सुरुवातीच्या पद्धतीत वरच्या सालीसकट घ्यायचे. १९६० च्या दशकात ती रूढ झाली. हिरडी घट्ट करायला ती अजून वापरतात. पण टाळूवर उघडी जखम राहते, आणि दुसरी अडचण रंगाची. आपल्याकडे बहुतेकांच्या हिरड्या सावळ्या, टाळू मात्र फिकट. खालच्या ओठामागे लावलं तर कुणाला दिसत नाही. हसताना दिसणाऱ्या दातावर तो गुलाबी चौकोन गोधडीच्या ठिगळासारखा उठून दिसतो.

१९८५ मध्ये लँगर आणि लँगर यांनी मांडलेली पद्धत यावर उत्तर होती. टाळूची साल दारासारखी उघडायची, आतला ऊतीचा तुकडा काढायचा, दार परत टाके घालून बंद करायचं. तो तुकडा मुळावर ठेवायचा आणि शेजारची हिरडी सैल करून त्यावर ओढून घ्यायची. वर रंग राहतो त्या जागेचाच. टाळूही लवकर भरते.

काढलेल्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोन-तीन दिवस तो आजूबाजूच्या पाझरावर जगतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरू लागतात. या काळात तुकडा हलला तर गेला. बिडी ओढली तर निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून डॉक्टर बिडी-तंबाखूबद्दल इतके कटकट करतात. नैतिकतेशी त्याचा संबंध नाही.

मग दुसरं काही लागतंच कशाला? कारण टाळू अपुरी पडते. काहींची पातळ असते. काहींचे एका ओळीत सहा-सहा दात उघडे असतात. आणि काहींना तोंडात दुसरी जखम नकोच असते, हेही समजण्यासारखं आहे.

(दृश्य : काचेच्या नळीत रक्त, फिरणारं यंत्र. नळीत मधोमध पिवळसर गोळा.)

इथून पुढे टाळूऐवजी वापरायचं साहित्य सुरू होतं, बहुतेक तयार पाकिटातलं, आणि खुर्चीतला माणूस विचारतो, “डॉक्टर, कसानं शे ते?”

अगदी रास्त प्रश्न आहे. या पट्ट्यात मुक्ताईच्या वारीला जाणारे माळकरी आहेत, महानुभाव पंथाचे उपदेशी आहेत, जळगावच्या बाजारात बसणारे जैन व्यापारी आहेत, भुसावळ-धुळ्यात मुस्लिम मोहल्ले आहेत. यांतला जवळजवळ प्रत्येक जण कशाला ना कशाला नाही म्हणेल.

पहिला पर्याय कुणालाच अडत नाही, कारण तो स्वतःच्या रक्ताचा आहे. दंडातून थोडं रक्त घ्यायचं, त्यात गोठू न देणारं काही मिसळायचं नाही, लगेच यंत्रात फिरवायचं. फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांचा, मऊ गोळा तयार होतो. तो दाबला की पडदा होतो. २००१ मध्ये फ्रान्समध्ये शुक्रून यांनी ही रीत आणली, पी.आर.एफ. (प्लेटलेट-रिच फायब्रिन) नावानं ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचली. जखम भरायला मदत होते, खर्च कमी. पण तो पडदा थोड्या दिवसांत विरघळतो, आणि हिरडीची जाडी वाढवण्यात टाळूच्या तुकड्याची बरोबरी करत नाही. ‘तुमच्याच रक्तातून नवी हिरडी’ अशी पाटी लावणाऱ्यांनी हेही खाली लिहावं.

दुसरा पर्याय माणसाच्याच दान केलेल्या त्वचेचा. तिच्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढतात, कोलॅजनची, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची, जाळी तेवढी उरते. भाजलेल्या रुग्णांसाठी आधी वापरात आलेलं हे साहित्य नंतर हिरडीपर्यंत आलं. तुमच्या पेशी त्या जाळीत शिरतात आणि तिथे घर करतात. परदेशातून येतं, महाग पडतं.

तिसरा डुकराचा. डुकराच्या कोलॅजनपासून केलेला जाडसर पडदा. टाळूला हात न लावता बऱ्यापैकी मूळ झाकतो, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. मुळावर लावायची एक जेलही डुकराच्या पिल्लांच्या उगवत्या दातांच्या अंकुरांपासून बनते. काही पडदे गाईबैलांच्या पायाच्या कंडरेपासून काढलेल्या कोलॅजनचे, काही माशाचे. पाकिटावर हे छापलेलं असतं, पण इंग्रजीत आणि बारीक. डॉक्टर मुद्दाम लपवतो असं नाही. बरेचदा विषय काढायला अवघडतो. त्यानं अवघडू नये. कोण काय चालवून घेईल, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ते ठरवायची वेळ मात्र भूल देण्याआधीची.

(दृश्य : पाकिटातून निघणारा कागदासारखा पातळ, पांढरा पडदा.)

आणि एक साहित्य आपल्या मुंबईचं. टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ पासून आहे. बाळंतिणीच्या संमतीनं वारेचा आतला पातळ पडदा घेतला जातो, रक्ताच्या तपासण्या होतात, पडदा गोठवून सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. आपल्या गावांत वार पुरायची रीत. तिचा हा असा उपयोग ऐकून खुर्चीतल्या आज्या आधी दचकतात, मग नातवंडांची चौकशी करावी तशा बारीक चौकशा करतात. परदेशी मालाच्या मानानं स्वस्त, जखम शांत ठेवतो. पण इतका पातळ की जाडीची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

सगळ्या पाकिटांचा हिशेब मांडून डॉक्टर शेवटी विचारतात, कोणतं? पुष्कळ जण बोट वर करून टाळूकडेच दाखवतात.

(दृश्य : रावेरजवळची केळीची बाग, घड भरलेला ट्रॅक्टर.)

शस्त्रक्रियेनंतरचे दोन आठवडे खानदेशी जिभेला जड. ठेचा बंद, शेवभाजीची तर्री बंद, कळण्याची भाकरी बंद. निवलेली मऊ खिचडी, ताक आणि केळं. केळ्यांची वानवा रावेर-यावलात तरी नाही. त्या जागी ब्रश लावायचा नाही, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या करायच्या. त्यानं दातांवर तपकिरी डाग पडतात. ते नंतर निघतात, घाबरू नये. सालीसकट लावलेला तुकडा पहिल्या आठवड्यात पांढुरका दिसतो, वरचा पापुद्रा सुटतो. नेमक्या याच रात्री डॉक्टरांना फोन जातो, “सडलं का हो?” बहुतेक वेळा सडलेलं नसतं. रक्त थांबत नसेल, सूज वाढत असेल, ताप असेल, तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही.

दहा ते चौदा दिवसांत टाके निघतात. मग मऊ ब्रश, आणि मशेरीची डबी घरातून बाहेर. ती राहिली, तर पुढचा दात रांगेत आहेच.

सहा महिन्यांनी तीच सळई, तेच मोजमाप. काहींची हिरडी त्यानंतरही, वर्षभर, आपण होऊन थोडी थोडी दाताच्या चावायच्या टोकाकडे सरकत राहते. म्हणून दुसऱ्याच महिन्यात “अजून थोडं उघडं आहे, परत करू” असं कुणी सुचवलं, तर वर्षभर थांबता येईल का, असं त्यांना विचारायला हरकत नाही.