गेलेल्या माणसांची वही

(तालुक्याच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

जुना गाव नमुना नंबर १४, म्हणजे गावाचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, हे नाव गेल्या दोन-तीन वर्षांत घरोघरी पोचलं. त्याआधी ते तलाठ्याला आणि वकिलालाच ठाऊक असायचं. सप्टेंबर २०२३मध्ये शासनानं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि रेकॉर्ड रूममधली जुनी बाडं सुटली. मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा बोलावणी आली. लोक पणज्याचं, खापरपणज्याचं नाव शोधायला लागले. नाव सापडलं की पुढचा जातीचा रकाना बघायचा, नक्कल मागायची, घरी जायचं. ते योग्यच आहे, पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. पण त्या एका ओळीत आणखी काय लिहिलंय, हे थांबून वाचणारा मला क्वचितच भेटला. म्हणून आज त्या ओळींबद्दल बोलायचं आहे, आणि त्यात जे कधी लिहिलंच गेलं नाही त्याबद्दल जास्त. ते लिहून ठेवायला आम्ही काही जणांनी गेलेल्या माणसांची वही सुरू केली आहे, घरच्यांकडून ऐकून लिहायची.

ओळीत असतं काय? तारीख. मयताचं नाव. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय. वयही अंदाजानं, म्हणून चाळीस, पन्नास, साठ असे गोल आकडे फार. मग मरणाचं कारण. त्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द: ताप. नाहीतर पटकी, देवी, हगवण, खोकला. लिहिणारा काही डॉक्टर नव्हता. हिवताप असो, विषमज्वर असो, नाहीतर बाळंतिणीला आलेला ताप असो, पाटलाच्या लेखी सगळा तापच. आणि पुष्कळदा पुढं वयाच्या जागी महिने किंवा दिवस असतात, मुलाला नाव ठेवायच्या आधीच ते गेलेलं असतं.

असं रजिस्टर चाळत १९१८च्या शरदात आलं की हात थांबतो. आपल्याकडे त्या साथीला मानमोडी म्हणत. इन्फ्लुएन्झा हे तिचं कागदावरचं नाव. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, म्हणजे घरात दाणा नाही आणि अंगात ताप. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतली लोकसंख्या १९११च्या शिरगणतीत सुमारे २ कोटी १५ लाख होती, १९२१मध्ये ती २ कोटी ८ लाखांवर आली. दहा वर्षांत माणसं वाढायची ती कमी झाली. प्लेग, दुष्काळ यांचा वाटा त्यात आहेच, पण मोठा घाव मानमोडीचा. गावच्या पानावर हे कसं दिसतं सांगतो. एरवी महिन्याला चार-दोन ओळी असतात, तिथं पानंच्या पानं भरतात. अक्षर घाईचं होतं. एकाच घरातली सासू, सून, दोन मुलं एका आठवड्याच्या आत. कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘ताप’ आणि खाली वरच्यासारखंच म्हणून नुसत्या दोन रेघा. त्या दोन रेघा पानाच्या तळापर्यंत जातात.

त्या घरांचे आजचे वारस आपल्यातच राहतात. मी त्यांच्यापैकी काहींना विचारलं. ‘मानमोडीत गेली म्हणतात’ एवढंच उत्तर मिळालं. कोण गेली, काय करत होती, मागं राहिलेल्या तान्ह्याला दूध कुणी पाजलं, याचा मागमूस नाही. शंभर वर्षं म्हणजे फक्त चार पिढ्या. श्राद्धाला आपण बाप, आजा, पणजा अशी तीन नावं घेतो. चौथं नाव विधीतूनही सुटतं.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे मेलेल्यांची आठवण ठेवायची रीत जुनी आहे. आहेच. मारुतीच्या देवळामागं, पाराजवळ, ओढ्याकाठी वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचे दगड, उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा पळवून नेलेल्या गाईगुरांसाठी. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, वरच्या चौकटीत तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून. चंद्र-सूर्य माथ्यावर. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरला तर वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे. हे शिल्प मला फार प्रिय आहे. गाईसाठी मेलेल्या माणसाला राजाइतका मोठा दगड गावानं दिला, ही साधी गोष्ट नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. तो कसा मेला ते दगड सांगतो, तो कोण होता ते सांगत नाही. शेजारच्या सतीशिळेवर तर बांगड्या भरलेला हात तेवढा असतो.

दगडाचीच दुसरी गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं गावोगावी छोट्या शिळा बसवल्या. मजकूर ठरलेला: या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आपल्या सातारा जिल्ह्यातलं आपशिंगे तुम्हाला माहीत आहे, त्या युद्धात एकट्या त्या गावचे ४६ जण कामी आले. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर आजच्या इराकमध्ये कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. १९१६च्या २९ एप्रिलला तिथं शरणागती झाली. उपाशी, आजारी शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात कितीतरी वाटेतच पडले. त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची मात्र पलटणीवार नुसती संख्या. स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१मध्ये स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. शंभर वर्षांनी. तिकडं बसऱ्यात आकडा, इकडं गावच्या शिळेवरही आकडाच. कुणाच्या तरी घरी मनिऑर्डर यायची थांबली असेल, कुणी तरी चावडीवर जाऊन चौकशी करून आलं असेल, त्याचं काहीच उरलं नाही.

आणि ज्यांना दगडही मिळाला नाही, आकडाही नाही, त्यांच्याबद्दल मला मुद्दाम बोलायचं आहे. गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा पोचवायचं काम महारांकडं होतं. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो, पायी जायचं आणि दारात न शिवता सांगायचं, की अमुक गेले. हे वतनाचं काम, नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी ही वतनाची गुलामी सोडा म्हणून आयुष्यभर सांगितलं. १९५८च्या कायद्यानं ती वतनं गेली. पिढ्यान्‌पिढ्या अख्ख्या गावाच्या मरणाची बातमी ज्या पायांनी वाहिली, त्या माणसांची मरणं कोण कुणाला कळवत होतं? पंचक्रोशीत कुणाचं घर कुठं, कुणाची लेक कुठं दिली, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. तालुक्याचा इतका मोठा माहीतगार दुसरा नव्हता, आणि त्याच्याकडून कुणी काही लिहून घेतलं नाही. आजही काही गावांत स्मशानं वेगळी आहेत. आपण गावाच्या आठवणींचं काम हातात घेणार असू, तर त्याची सुरुवात पाटलाच्या वाड्यापासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आजची स्थिती. १९६९च्या कायद्यानुसार मरण जिथं झालं तिथं त्याची नोंद होते, एकवीस दिवसांच्या आत. ही तरतूद हिशोबाला ठीक आहे, पण आपल्या तालुक्यासारख्या ठिकाणी तिचा परिणाम बघा. इथली माणसं आधी गिरणीत गेली. मग गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायला, पार केरळपासून बंगालपर्यंत. तिकडं कुणी गेला तर नोंद तिकडं. म्हातारपणी जास्त झालं की साताऱ्याला किंवा पुण्याला दवाखान्यात न्यायचं, तिथं काही झालं तर नोंद त्या शहरात. म्हणजे जन्मभर या मातीत राबलेली बाई शेवटचे चार दिवस पुण्यात होती म्हणून पुण्याच्या रजिस्टरात जाते. उद्या आपल्या ग्रामपंचायतीची वही वाचणाऱ्याला वाटेल, या गावात माणसं मरतच नव्हती.

मग आठवण राहते कशात? चौकातल्या फ्लेक्सवर. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, एक फोटो, खाली शोकाकुल म्हणून वीस जणांची नावं. पंधरा दिवसांत तो उतरतो. पेपरात ‘दुःखद निधन’: त्यांच्या पश्चात दोन मुलं, तीन मुली, सुना, नातवंडं असा परिवार आहे. माणूस काय होता, यावर एक वाक्य, तेही ‘मनमिळाऊ स्वभावाचे’.

खरा मृत्युलेख आपल्याकडे बायका सांगत आल्या. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मयताच्या घरी लांबून बहीण किंवा लेक येते, दारातच हेल काढते, आणि रडता रडता त्या माणसाचं सगळं आयुष्य मांडते. कुठल्या साली बैल मेला, कुणी कर्ज दिलं नाही, कोणत्या आजारात तू माझ्या उशाशी बसलीस, माझ्या लग्नात तू कोणतं लुगडं नेसलीस. पुरुष बाहेर गप्प बसलेले असतात आणि आत एका जिवाचा जमाखर्च सांगितला जातो. पुढं दहाव्याला नदीवर, तेराव्याच्या पंगतीत उरलेलं बोललं जातं. शिकलेल्या घरांना आता ते रडणं अडाणीपणाचं वाटतं. मला नाही वाटत. गावाचा तोंडी इतिहास तेवढाच शाबूत होता.

कोरोनात तोही तुटला. राज्यात सरकारी आकड्यानं सुमारे १ लाख ४८ हजार माणसं गेली. कितीतरी घरांत देह घरी आलाच नाही. कुणी हेल काढला नाही, दहावा झाला नाही, आणि म्हणून त्या माणसाबद्दल जे बोललं गेलं असतं ते बोललंच गेलं नाही. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये गेलेल्यांच्या घरी आज जाऊन बसा. लोक अजून बोलायला थांबलेत. माझा अनुभव असा, की तुम्ही वही उघडली की आधी पाणी येतं, मग चहा, आणि मग दोन तास कुणी उठत नाही.

वाडीवरच्या एका आजींची नोंद त्यांच्या घरच्यांच्या परवानगीनं सांगतो, नाव घेत नाही. सरकारी दाखल्यावर: स्त्री, वय ८५, वार्धक्य. घरच्यांनी सांगितलेलं असं. माहेर ओढ्यापलीकडचं. कोयनेचा भूकंप झाला त्या साली पदरात पहिली मुलगी. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, बाभळीला झोळी बांधून त्यात धाकटं पोर. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी पोरांना गिळायची नाही, म्हणून दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी, म्हणजे तयार पौष्टिक खाणं, त्यांना आणि मिलो स्वतःला. रस्ता होईपर्यंत वाडीतली सगळी बाळंतपणं त्यांच्या हातची. पैसे घेत नसत, पण नाळ कापलेलं प्रत्येक पोर पाचव्या दिवशी बघायला जात. जावेशी वीस वर्षं अबोला, बांधावरून. जाऊ आजारी पडली तेव्हा बोलल्याशिवाय तिचं सगळं केलं. ही माहिती जावेच्या सुनेनं दिली. आजींच्या सुनेला ती सांगायची नव्हती, मग तीही म्हणाली, लिहा.

अबोल्याची गोष्ट लिहावी का, यावर आमच्यात वाद झाला. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही रीत मला मान्य आहे. पण भांडण, दारू, कर्ज, सोडून दिलेली बायको हे सगळं गाळलं तर सगळी माणसं एकसारखी देवमाणसं होतात, आणि पुन्हा ‘मनमिळाऊ स्वभावाचे’च उरतं. आम्ही नियम ठेवला आहे तो एवढाच: लिहिलेलं घरच्यांना वाचून दाखवायचं, ते नको म्हणतील ते वाक्य काढायचं. आत्महत्या झालेल्या घरात आपण होऊन जायचं नाही, त्यांनी बोलावलं तरच. बाईची नोंद माहेरच्या नावासकट करायची, कारण लग्नानंतर तिचं पहिलं नावही पुष्कळदा बदललेलं असतं आणि मग ती दोन्ही गावांच्या कागदांत सापडत नाही. साल आठवत नसेल तर पानशेतचा पूर, कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, किल्लारी यांच्या आगेमागे विचारायचं. साल हुकत नाही. परगावी गेलेल्यांची नोंद त्यांच्या मूळ गावाच्या वहीत करायची, मग ते मेले कुठंही असोत.

सुरुवातीला तीनच गावं घेतली आहेत. वह्या हातानं लिहिलेल्या, एक प्रत गावात शाळेत, एक इथं वाचनालयाच्या कपाटात. दहावी-बारावीची मुलं लिहायला तयार आहेत, त्यांना सोबत एक वडीलधारं माणूस लागतं. ज्यांच्या घरी यंदा वर्षश्राद्ध आहे त्यांनी कृपा करून लगेच निघू नये. ग्रंथपाल बाहेर टेबलाशी बसले आहेत, कागद-पेन तिथं आहे. नाव, गाव आणि कोणत्या दिवशी घरी यावं, एवढं लिहून द्या.