पडद्यांवर चालणारा कॉम्प्युटर

आपल्या शरीरातली कुठलीही पेशी घ्या, आत सतत ढीगभर रासायनिक क्रिया चालू असतात, त्याही एकामागून एक नाही, एकदमच, आणि तरी गोंधळ होत नाही तो पेशीच्या आणि तिच्या आतल्या कप्प्यांच्या भोवती असलेल्या पातळ पडद्यांमुळे, म्हणजे मेम्ब्रेनमुळे. काय आत घ्यायचं, काय बाहेर सोडायचं, कुठली गोष्ट कुठल्या कप्प्यात राहील, हे सगळं पडद्यावर ठरतं.

१९९८ मध्ये रोमानियाचे गणितज्ञ गेओर्गे पाऊन फिनलंडमधल्या तुर्कूला असताना त्यांनी याच रचनेवरून हिशोब करायचं मॉडेल मांडलं. त्याला पी सिस्टिम म्हणतात, आणि या सगळ्या विषयाला मेम्ब्रेन कॉम्प्युटिंग.

कागदावर एक मोठा गोल काढा, आत एक छोटा. हे झाले पडदे. छोट्या गोलात एक वस्तू ठेवा, तिला 'क' म्हणू, आणि नियम द्या की एका 'क'चे दोन 'क' होतात. आधी दोन, मग चार, मग आठ, कारण इथे ज्याला ज्याला नियम लागू पडतो त्या प्रत्येकाने त्याच स्टेपला बदलायचंच, कुणी मागे थांबायचं नाही, दहाव्या स्टेपला १०२४! शेवटी ठरलेल्या गोलात किती वस्तू आहेत ते मोजायचं, तेच उत्तर.

खरी ताकद दिसते ती पडदे दुभंगायला लागले की. समजा २० हो-नाही प्रश्न आहेत आणि सगळ्या अटींत बसणारी उत्तरं हवीयत. प्रत्येक प्रश्नाला पडद्याचे दोन होतात, एकात हो, एकात नाही, म्हणजे २० स्टेपमध्ये १०,४८,५७६ पडदे, आणि सगळे आपापली शक्यता एकाच वेळी तपासतात. वेळ वाचतो, पण जागा भयंकर लागते, नेहमीच्या मशीनवर हे सगळं मेमरीत मावायला हवं ना. तरी हे मॉडेल नेहमीच्या मशीनवर चालवून बघता यावं म्हणून स्पेनमधल्या सेव्हिल विद्यापीठाच्या ग्रुपने ग्राफिक्स कार्डवर, म्हणजे खूप हिशोब एकाच वेळी करणाऱ्या भागावर, चालणारे सिम्युलेटर बनवले.

मला सगळ्यात भावलेलं काम याच ग्रुपचं, पिरेनीज डोंगरातल्या दाढीवाल्या गिधाडांवरचं. हे गिधाड मुख्यतः हाडं खातं, म्हणजे हरणं, मेंढ्या किती मेल्या यावर त्याचं पोट, त्यामुळे नुसती गिधाडं मोजून भागत नाही. त्यांनी प्रत्येक प्राणी म्हणजे पडद्यातली एक वस्तू धरली, जन्म, मरण, खाणं यांचे नियम लिहिले आणि कुठला नियम किती वेळा लागेल याची शक्यता आकड्यात जोडली. अजून एखादी जात धरायची झाली तर आधीचं मॉडेल मोडावं लागत नाही, तिचे नियम आत टाकायचे आणि पुन्हा चालवायचं.