बारा व्होल्ट दिसतात, पण पोहोचतात का?

(दृश्य: बॉनेट उघडलेली छोटी गाडी. क्लस्टरवर, म्हणजे स्पीडोमीटरच्या पॅनेलवर, दिवे लागलेले.)

चावी फिरवली की सेल्फ नुसता 'टक' करतो. क्लस्टरवर इंजिनाचा, एबीएसचा आणि स्टीअरिंगचा दिवा एकदमच लागतो. गाडीने नोंदवलेले बिघाड वाचणारा स्कॅनर जोडावा तर चार-पाच कोड, आणि प्रत्येक कोड वेगळ्याच भागाकडे बोट दाखवणारा.

इतके भाग एका रात्रीत बिघडत नाहीत. अनेक ठिकाणी एकदम बिघाड दिसला, की त्या सगळ्यांना सामाईक काय आहे ते आधी बघायचं: बॅटरीचा पुरवठा, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीच्या धातूशी असलेली जोडणी), नाहीतर कंट्रोल युनिट्सना, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांना, एकमेकांशी जोडणाऱ्या वायरी. कोड वाचून थेट सेन्सर बदलणं ही या कामातली सगळ्यात महागडी सवय आहे. कोड फक्त तक्रार नोंदवतो. कारण आपल्यालाच मोजून काढावं लागतं.

(दृश्य: मल्टिमीटरची टोकं बॅटरीच्या टर्मिनलवर.)

काही तास उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. 12च्या खाली गेली, तर आधी चार्ज करा. नाहीतर पुढचं प्रत्येक माप फसवं येईल.

पण बॅटरी चांगली असूनही सेल्फ फिरत नसेल तर? इथेच बरेच जण चकतात. वायरीचे शंभर धागे तुटून एकच उरला, तरी मल्टिमीटर त्या टोकाला बारा व्होल्टच दाखवतो, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. सेल्फ मात्र छोट्या गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर सहज मागतो. जोडात ओहमचा शंभरावा भाग एवढा रोध असला, तरी 150 अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. आणि एवढा बारीक रोध साध्या मीटरच्या ओहमच्या मापात धड दिसतही नाही.

म्हणून लोड देऊन, म्हणजे करंट वाहत असतानाच, व्होल्ट मोजायचे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, खांबावरच. दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली राहिला, तर अर्थ ठीक आहे. एक व्होल्ट दिसला, तर चोर सापडला: अर्थची पट्टी, तिचा बोल्ट किंवा त्याखालचा गंज. हेच माप पॉझिटिव्ह बाजूलाही घ्या, बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या टर्मिनलपर्यंत.

आणि ते चार-पाच कोड? सेल्फ ओढायला लागला की व्होल्टेज कोसळतं. काही युनिट्स क्षणभर बंद पडतात आणि जी जागी राहतात ती नोंद करतात, की अमुक युनिटशी संपर्क तुटला. 'यू' अक्षराने सुरू होणारे कोड हेच सांगत असतात. अर्थचा बोल्ट घासून घट्ट केला, की एकही युनिट न बदलता ते येणं थांबू शकतं.

(दृश्य: डॅशबोर्डखालचं 16 पिनांचं सॉकेट.)

हा संपर्क ज्या पद्धतीने चालतो ती कॅन बस. बॉश कंपनीने ती 1986मध्ये जगापुढे मांडली. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी. शांत असताना दोन्हींवर सुमारे अडीच व्होल्ट. संदेश जाताना एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते. दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध बसवलेला असतो, म्हणून बॅटरी सोडवून 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये मोजलं की साधारण 60 ओहम यायला हवेत. 120 आले, तर कुठेतरी एक वायर तुटली आहे किंवा एक टोक सुटलं आहे. शून्याजवळ आले, तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र ज्या गाडीत सॉकेट आणि बसच्या मध्ये गेटवे युनिट, म्हणजे संदेश पुढे पोचवणारं मधलं युनिट, असतं, तिथे हा हिशेब लागू पडत नाही. त्या गाडीचा वायरिंग नकाशा समोर हवाच.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर शोध वेगळा. कुलूप लावल्यावर युनिट्स झोपी जायला काही गाड्यांत अर्धा तासही लागतो. तेवढं थांबा. त्यानंतरचा करंट साधारण 50 मिलीअँपिअरच्या आत असावा. 500 असेल, तर दिवसाला 12 अँपिअर-तास जातात आणि छोट्या गाडीची 35-40 अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत आडवी होते. दोषी सर्किट शोधताना फ्यूज उपटू नका, त्याने झोपलेली युनिट्स जागी होतात. फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात, त्यांच्यात मिलीव्होल्ट मोजा. जिथे आकडा येतो, त्या सर्किटमधून करंट वाहतोय.

वायरी तुटतात त्या बहुतेक ठरलेल्या जागी: दरवाजाच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत, डिकीच्या झाकणापाशी, आणि पाणी मुरलेल्या कार्पेटखाली, जिथे तांबं हिरवं पडतं.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते. आणि एअरबॅगच्या सर्किटला, म्हणजे त्या पिवळ्या कनेक्टरांना, मीटर लावू नका. मीटरचा इवलासा करंटही एअरबॅग उडवू शकतो.

(दृश्य: वायरीचा हिरवा पडलेला तुकडा कापला जातो.)

दुरुस्ती करताना काळं-हिरवं पडलेलं तांबं पूर्ण कापून टाकायचं, चकचकीत तांबं लागेपर्यंत. त्याच जाडीची वायर, नीट दाबलेला जोड, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी. कॅनच्या वायरी असतील, तर त्यांचा पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत राखायचा. मग तेच माप, तोच लोड देऊन, पुन्हा एकदा. आकडा उतरला की कोड पुसायचे, गाडी थोडी फिरवून आणायची आणि परत स्कॅन करायचं.